‘येतो’ न म्हणता गेलेला प्रोग्रॅम: टेस्ट हिरवी दिसली, पण चालली होती का?

आपल्याकडे घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. आणि काहीच न बोलता कुणी उठून गेलं, की मागची माणसं चहाचा कप हातात धरून एकमेकांना विचारतात, अरे, हा गेला कुठं?

जावात लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या टेस्ट चालवायला मेव्हन शुअरफायर नावाचं एक साधन वापरतात. त्याचा एक एरर जावावाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. मराठीत त्याचा अर्थ साधारण असा: व्हर्च्युअल मशीन नीट निरोप न घेताच निघून गेली, ती क्रॅश झाली, की कुणी एक्झिट बोलावलं? मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं होतं. पण हा एरर दिसला तर तुम्ही नशीबवान समजा. खरा घोटाळा होतो तो मशीन गुपचूप निघून जाते आणि कुणाच्या लक्षातच येत नाही तेव्हा. आज त्याबद्दलच बोलायचंय. कोडिंग येत नसलं तरी वाचा, कारण तुमच्या खिशातला फोन दिवसभर हेच उद्योग करतोय.

आधी मशीन कुठली ते

व्हर्च्युअल मशीन हे नाव दोन वेगळ्या गोष्टींना लावतात आणि तिथंच नवशिक्यांचा गोंधळ होतो. एक म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा अख्खा दुसरा संगणक. लॅपटॉपवर अँड्रॉइडचा इम्युलेटर चालवला असेल तर ती ही. दुसरी असते एकाच प्रोग्रॅमपुरती. जावाचा प्रोग्रॅम थेट प्रोसेसरवर चालत नाही, तो जावा व्हर्च्युअल मशीनवर चालतो. अँड्रॉइडवर आधी हे काम डाल्व्हिक नावाची मशीन करायची. २०१४ साली आलेल्या अँड्रॉइड ५.० पासून तिची जागा एआरटीनं घेतली. तुमच्या फोनमधलं प्रत्येक ॲप सहसा आपल्या वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे आपापल्या बिऱ्हाडात चालतं. ही सगळी बिऱ्हाडं एकाच मूळ प्रोसेसमधून फुटून निघतात आणि तिचं नाव आहे झायगोट. बारावीच्या जीवशास्त्रातलं युग्मनज आठवलं ना? तेच.

आता टेस्ट सूट. प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे तपासायला आपण छोट्या छोट्या टेस्ट लिहितो आणि त्यांचा गठ्ठा एका दमात चालवतो. गंमत अशी, की बहुतेक वेळा टेस्ट चालवणारा रनर, टेस्ट आणि जो तपासायचा तो प्रोग्रॅम, तिघंही एकाच व्हर्च्युअल मशीनमध्ये राहतात. एका घरात तीन भाडेकरू म्हणा. आणि जावात ‘सिस्टम डॉट एक्झिट’ म्हटलं की फक्त तो प्रोग्रॅम थांबत नाही, अख्खी मशीन बंद होते. खोलीतला दिवा घालवायचा म्हणून मेन स्विच पाडल्यासारखं. प्रोग्रॅम गेला, टेस्ट गेली, आणि ‘टेस्ट नापास’ असं लिहून ठेवणारा रनरही गेला.

मग बाहेरच्या जगाला काय कळतं? फक्त एक आकडा. प्रत्येक प्रोसेस जाताना मागे एक्झिट कोड ठेवून जाते. शून्य म्हणजे ठीक, शून्य सोडून काहीही म्हणजे गडबड. आपल्याला परीक्षेत शून्य म्हणजे भोपळा, इथं शून्य म्हणजे पहिला नंबर. यातला धोका तुमच्या लक्षात आला असेल. कोडच्या मधेच कुणी ‘एक्झिट शून्य’ लिहिलं असेल, तर मशीन अर्ध्या वाटेत बंद होणार आणि जाताना ‘सगळं छान झालं’ असंच सांगून जाणार.

एकतीस टेस्ट, चालल्या बारा

माझा एक मित्र पलूसकडचा. त्यानं गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी अँड्रॉइड ॲप लिहिलं. आपल्याकडे दूध केंद्र कसं चालतं ते सातारा-सांगलीच्या पोरांना सांगायला नको: सकाळ-संध्याकाळ किटल्या येतात, लिटर मोजायचे, फॅट काढायची, नोंद करायची, आणि दहा दिवसांनी बिल. त्या नोंदीवर घर चालतं. एक नोंद गेली तर कुणाचे तरी दीड-दोनशे रुपये गेले.

हिशोबाचा सगळा भाग त्यानं जावात लिहिला होता आणि त्याच्या एकतीस टेस्टही लिहिल्या होत्या. रनर मात्र स्वतःचाच: टेस्ट एकामागून एक चालवायच्या, नापास झाल्या तर शेवटी एक्झिट कोड एक, नाहीतर शून्य. स्क्रिप्ट तो कोड बघायची, शून्य असेल तर नवीन ॲप तयार करून केंद्रांना पाठवायची. साधं आणि सुटसुटीत. मला आवडलं होतं.

साताऱ्याजवळच्या एका केंद्रावर एका संध्याकाळी गर्दीत केंद्रचालक आण्णांना फोन आला. बोलून झाल्यावर त्यांनी सवयीनं उघडी सगळी ॲप्स वर सरकवून बंद केली. पुन्हा ॲप उघडलं तर शेवटच्या अकरा जणांच्या नोंदी गायब. एक आजी किटली घेऊन परत आल्या आणि म्हणाल्या, “माझं सात लिटर कुठं गेलं रं बाबा?” आण्णा जुन्या वळणाचे, वहीतही लिहीत होते, म्हणून निभावलं. नुसत्या फोनवर विसंबले असते तर अकरा घरांशी भांडण होतं.

मित्राचा फोन आला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, “अरे, पण सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत की!”

आम्ही लॅपटॉप उघडून बसलो. ‘दिवस बंद करा’ या बटणामागच्या कोडमध्ये शेवटची ओळ होती एक्झिट शून्य. दिवस संपला, हिशोब लिहिला, प्रोग्रॅम बंद. त्याच्या दृष्टीनं बरोबरच. पण ती टेस्ट यादीत बाराव्या क्रमांकावर होती. ती चालली की मशीनच बंद. पुढच्या एकोणीस टेस्ट कधी चालल्याच नव्हत्या, आणि स्क्रिप्टला मिळत होतं शून्य. त्या एकोणिसांत एक टेस्ट नेमकी हीच होती: चार नोंदी करा, ‘दिवस बंद’ न करता तीच फाइल नव्यानं उघडा, चारही नोंदी सापडायला हव्यात. एक्झिटची ओळ काढून गठ्ठा पुन्हा चालवला तर ही टेस्ट सरळ नापास झाली. नोंदी मेमरीत साठत होत्या आणि फाइलमध्ये जात होत्या दिवसाच्या शेवटी.

म्हणजे चूक पकडणारा पहारेकरी त्यानं नेमला होता, फक्त तो कामावर येण्याआधीच वाड्याचा दरवाजा बंद व्हायचा.

मग करायचं काय

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मोजदाद. एकतीस टेस्ट आहेत ना? मग ‘एकतीसपैकी एकतीस’ ही ओळ छापली गेली तरच पास म्हणा. नुसत्या एक्झिट कोडवर विश्वास ठेवू नका. याचीच दुसरी तऱ्हा अशी: सुरुवातीला एक रिकामी फाइल तयार करायची आणि सगळं नीट संपल्यावर रनरनं ती पुसायची. बाहेरच्या स्क्रिप्टला फाइल अजून तिथंच दिसली, तर समजायचं की कुणीतरी मधेच पळालं. शाळेतली हजेरी सकाळी आणि सुट्टीनंतर अशी दोनदा का घेतात, तेच कारण.

दुसरा उपाय माझ्या मते खरा उपाय आहे, कारण तो कोडच्या बांधणीत आहे. एक्झिट म्हणायचा अधिकार एकाच जागी ठेवायचा, प्रोग्रॅमच्या अगदी वरच्या ‘मेन’मध्ये. आतल्या फंक्शननी फक्त आकडा परत द्यायचा: काम झालं, शून्य, फाइल सापडली नाही, दोन. तो आकडा घेऊन मशीन बंद करायची की नाही ते मेन ठरवणार. टेस्ट मग मेनला हात न लावता आतलं फंक्शन बोलावते आणि आकडा तपासते. एकत्र कुटुंबात व्यवहाराचा शेवटचा शब्द थोरल्याचा असायचा, तसं. मित्राच्या कोडमध्ये हा बदल करायला आम्हाला अर्धा तास लागला नाही.

पण दर वेळी कोड आपल्या हातात असतोच असं नाही. दुसऱ्या कुणाच्या लायब्ररीत एक्झिट दडलेलं असतं. जावावाल्यांनी त्यावर वर्षानुवर्षं एक युक्ती वापरली. जावात सिक्युरिटी मॅनेजर नावाचा एक राखणदार होता. कुणी एक्झिट म्हटलं की मशीन आधी त्याला विचारायची, सोडू का? टेस्टवाले आपला राखणदार बसवायचे आणि तो ‘नाही’ म्हणून एक्सेप्शन फेकायचा. सिस्टम रूल्स आणि सिस्टम लॅम्डा या लायब्रऱ्या याच युक्तीवर उभ्या होत्या. मात्र २०२१ मध्ये आलेल्या जावा १७ नं या राखणदाराला निवृत्तीची नोटीस दिली आणि मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये तो कायमचा बंद झाला. आता हेच करायचं तर जावा एजंट लिहावा लागतो: क्लास मेमरीत चढत असतानाच त्याचा बाइटकोड बदलून एक्झिटच्या जागी दुसरं काही घालायचं. राखणदार काढून टाकणाऱ्यांनी आपल्या प्रस्तावातच असा एजंट कसा लिहायचा याचा नमुना दिलाय.

इथं एक खाच आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. खरं एक्झिट कधीच परत येत नाही, त्याच्या पुढची ओळ चालतच नाही. तुम्ही टेस्टमध्ये एक्झिटच्या जागी नुसतं ‘काही करू नको’ घातलंत, तर पुढच्या ओळी चालायला लागतात आणि प्रत्यक्षात कधीच न घडणारी गोष्ट तुम्ही तपासत बसता. म्हणून एक्सेप्शन फेकायचं. पण मधल्या कोडनं ‘कुठलंही एक्सेप्शन आलं तर गिळून टाक’ असं लिहिलं असेल, तर तुमचं खोटं एक्झिटही तिथंच गिळलं जातं. दोन्हीकडून पेच. अशा वेळी मी वेगळी प्रोसेस काढतो. प्रोग्रॅमला त्याची स्वतःची मशीन द्यायची, टेस्टनं बाहेर बसून तो कधी संपतो आणि कुठला कोड देतो ते बघायचं. वेळ जास्त लागतो, पण एका बिऱ्हाडाला आग लागली तरी शेजार जळत नाही.

अँड्रॉइडवरही हेच. फोनवर किंवा इम्युलेटरवर चालणाऱ्या टेस्ट साधारणपणे ॲपच्याच प्रोसेसमध्ये राहतात, त्यामुळे ॲप मेलं की टेस्टही मेल्या. त्यावर टेस्ट ऑर्केस्ट्रेटर आहे, तो प्रत्येक टेस्ट स्वतंत्र फेरीत चालवतो. एक कोसळली तर तेवढीच कोसळते, बाकीच्या चालू राहतात.

कॉलेजात पायथन शिकताय? तुमचं जरा सोपं आहे. पायथनमध्ये ‘सिस एक्झिट’ हे मुळात एक एक्सेप्शनच आहे, त्यामुळे पायटेस्ट ते पकडतं आणि टेस्ट नापास दाखवतं. मात्र ‘ओएस’मधलं अंडरस्कोर लावलेलं एक्झिट वापरलंत, तर ते कुणाचंच ऐकत नाही. शून्य देऊन गेलं, की पायटेस्टही शून्य देऊनच गेलं. त्या एका अंडरस्कोरकडे लक्ष ठेवा.

भोंगा वाजला, मोटारी काढा

आतापर्यंत प्रोग्रॅम आपण होऊन जात होता. आता त्याला बाहेरून कुणी घालवतं तेव्हा काय होतं ते बघू. हे समजायला सातारा-सांगलीचा माणूस जगात कुणापेक्षाही जास्त तयार आहे.

कोयना धरणाला सहा वक्र दरवाजे आहेत. पावसाळ्यात पाणी सोडायचं ठरलं की आधी इशारा दिला जातो, भोंगा वाजतो, नदीकाठच्या गावांना निरोप जातो. कोयनेचं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि मग खाली सांगलीच्या आयर्विन पुलाकडे येतं. तिथं इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. निरोप आला की नदीकाठचे शेतकरी काय करतात? पहिली धाव मोटारीकडे. पाणी उपसायची मोटार आणि पाइप काढून वर आणायचे, जनावरं हलवायची. हातात काही तास असतात, तेवढ्यात जे होईल ते.

लिनक्समध्ये आणि अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे, प्रोसेसला असाच निरोप जातो. त्याला सिगटर्म म्हणतात, नंबर १५. ‘बाबा, आता आवर.’ जावाची मशीन तो निरोप ऐकते आणि आधी नोंदवून ठेवलेले शटडाउन हुक चालवते. हुक म्हणजे जाण्याआधी करायची आवराआवर: फाइल बंद करा, अर्धी नोंद पुरी करा, सर्व्हरला कळवा. ही झाली आपली मोटार काढणं. बाहेरचा माणूस किती वेळ थांबतो तेही ठरलेलं असतं. डॉकर वेगळं काही सांगितलं नाही तर १० सेकंद थांबतो, कुबरनेटिस ३०. तेवढ्यात गेला नाहीत तर सिगकिल, नंबर ९. हा निरोप नव्हेच, हे थेट पाणी. प्रोसेसला तो ऐकायचीही संधी मिळत नाही, मग हुक चालणं दूरच.

हुकबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. सगळे हुक एकाच वेळी सुटतात, क्रमाची हमी नसते. भोंगा झाल्यावर आधी पाटलांची मोटार, मग जाधवांची असं होत नाही, जो तो आपल्या मोटारीकडे पळतो. म्हणून एका हुकनं दुसऱ्याच्या भरवशावर राहायचं नाही. एक हुक लॉगची फाइल बंद करतो आणि दुसरा त्याच फाइलमध्ये ‘निघालो’ असं लिहायला जातो, हा प्रकार नेहमीचाच. दुसरं म्हणजे हुकच्या आतून पुन्हा एक्झिट बोलावू नका. मशीन बंद होण्यासाठी हुक संपायची वाट बघते आणि हुक एक्झिट संपायची. दोघंही ‘पहले आप’ करत उभे.

याची टेस्ट कशी लिहायची? प्रोग्रॅम वेगळ्या प्रोसेसमध्ये सुरू करा. तो पूर्ण तयार झाला, याची खूण येईपर्यंत थांबा, नाहीतर जन्माआधीच मारल्यासारखं होईल. मग सिगटर्म पाठवा, ठरलेल्या वेळाची मर्यादा घाला आणि तीन गोष्टी बघा: वेळेत गेला का, मागे ठेवलेली फाइल धड आहे का, आणि एक्झिट कोड १४३ आला का. १४३ कुठून आला? सिग्नलनं मेलेल्याचा कोड शेलमध्ये १२८ अधिक सिग्नलचा नंबर असा दिसतो आणि जावाची मशीनही सिगटर्मनं जाताना हाच १४३ देते. १२८ अधिक १५. आणि १३७ दिसला तर तो १२८ अधिक ९. टेस्टच्या सर्व्हरवर १३७ दिसला की बहुतेकदा मेमरी संपलेली असते आणि कर्नलनं प्रोसेस उडवलेली असते. मी तर १३७ दिसला की कोडकडे बघायच्या आधी मेमरी बघतो.

हे हातानं करून बघायचं असेल तर फोनवर टर्मक्स पुरेसं आहे. एका सेशनमध्ये ‘स्लीप ५००’ द्या. दुसऱ्या सेशनमधून ‘पीकिल स्लीप’ द्या. पहिल्यात परत येऊन ‘एको’, मग डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून प्रश्नचिन्ह लिहा. १४३ दिसेल. पीकिलला ‘वजा ९’ जोडून तेच करा, १३७ दिसेल. काही जणांना टर्मक्स मधेच बंद पडून ‘सिग्नल ९’ असा मेसेज दिसतो. तो अँड्रॉइड १२ पासून आलेला नियम आहे: ॲप्सनी पोटात काढलेल्या जास्तीच्या प्रोसेस सिस्टम स्वतःच मारते.

फोनवर भोंगा वाजत नाही

आता आण्णांच्या केंद्राकडे जे झालं त्याचं मूळ. जावा शिकलेला माणूस अँड्रॉइडवर आला की त्याला वाटतं, शटडाउन हुक लावला म्हणजे काम झालं. अँड्रॉइडची अधिकृत माहिती स्पष्ट सांगते, की ॲपच्या जीवनक्रमात मशीन बंद होणं हा टप्पाच नाही, त्यामुळे हुक चालेल याची खात्री नाही. मेमरी कमी पडली की सिस्टम मागे पडलेली ॲप्स सिगकिलनं मारते. ‘ऑन डिस्ट्रॉय’ नावाचं फंक्शन शेवटी बोलावलं जाईल असं पोरं धरून चालतात, त्याचीही हमी नाही. अनेक फोनमध्ये ॲप वर सरकवलं की प्रोसेस तिथंच खलास होते. थोडक्यात, फोनवर धरण न सांगता सुटतं.

मग मोटार शेवटच्या क्षणी काढायचा बेतच चुकीचा. मोटार रोज वरच ठेवायला हवी. नोंद झाली की त्याच क्षणी डेटाबेसमध्ये. आणि याची टेस्ट म्हणजे प्रोसेसला लिहिता लिहिता मारायचं आणि पुन्हा उघडून बघायचं. हे वेडेपणाचं वाटत असेल तर एस्क्यूलाइटकडे बघा. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असलेला हा छोटा डेटाबेस. त्याच्या टेस्टमध्ये एक वेगळी प्रोसेस काढतात, तिला लिहायला लावतात आणि लिहीत असताना मधेच मुद्दाम कोसळवतात. मग मूळ प्रोसेस फाइल उघडून तपासते: व्यवहार पूर्ण झालाय, किंवा मुळीच झालेला नाही. अर्धवट चालत नाही. वीज गेल्याचं सोंगही ते असंच वठवतात. आपल्याकडे लोडशेडिंगची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागू नये.

मित्रानं हेच केलं. प्रत्येक किटलीची नोंद तिथल्या तिथं एका व्यवहारात लिहायची. टेस्टमध्ये वेगळी प्रोसेस नोंदी करत जाते, प्रत्येक नोंद पक्की झाली की तिचा नंबर छापते, आणि टेस्ट तिला मधेच नंबर ९ देते. छापलेल्या सगळ्या नंबरांच्या नोंदी फाइलमध्ये सापडल्याच पाहिजेत. ही टेस्ट तो पन्नास वेळा वेगवेगळ्या क्षणी चालवतो.

जे जातच नाहीत

उलटा प्रकारही आहे. पाहुणा ‘येतो’ म्हणतो, उठतो, आणि मग दारात चप्पल घालता घालता पाऊण तास गप्पा. टेस्ट सगळ्या पास, पण मशीन काही बंद होत नाही आणि सर्व्हर तासभर लटकतो. जावाची मशीन आपण होऊन केव्हा बंद होते? डीमन नसलेला शेवटचा थ्रेड संपला की. एखाद्या टेस्टनं मागे टायमर किंवा थ्रेडपूल चालू सोडला असेल, तर मशीन त्याच्यासाठी थांबून राहते. यावर बरेच जण शेवटी एक्झिट ठोकून मोकळे होतात. मला ते आवडत नाही, कारण तोच थ्रेड खऱ्या ॲपमध्ये बॅटरी खात बसणार आहे. लटकलेल्या मशीनवर ‘जेस्टॅक’ चालवा, कुठला थ्रेड दारात उभा आहे ते नावानिशी दिसतं. थ्रेडना नावं द्यायची सवय लावा म्हणजे शोधायला सोपं जातं.

आणि अख्ख्या संगणकाची व्हर्च्युअल मशीन असेल तर? तिथं पेच वेगळा आहे. आतला संगणक बंद झाला तरी बाहेरच्याला आकडा मिळत नाही, फक्त बंद झालं एवढंच कळतं. क्यूईएमयूमध्ये यासाठी टेस्टपुरतं एक खोटं उपकरण जोडता येतं. आतल्या प्रोग्रॅमनं त्याच्यावर आकडा लिहिला, की क्यूईएमयू त्याची दुप्पट करून एक मिळवतो आणि तो एक्झिट कोड देऊन बंद होतो. हिशोब करून बघा, उत्तर नेहमी विषमच येणार, शून्य कधीच नाही. म्हणून तिथं पास म्हणजे ३३, असं काहीतरी आपणच ठरवायचं आणि स्क्रिप्टला तसं सांगून ठेवायचं. मला हे फार आवडतं: चुकून आलेल्या शून्याला तिथं जागाच नाही.

कोड न लिहिणाऱ्यांसाठी एक प्रयोग. फोनच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात खाली ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ असा पर्याय आहे. तो चालू केला की तुम्ही ॲपमधून बाहेर पडताक्षणी सिस्टम त्याची स्क्रीन मोडून टाकते. आता एखाद्या ॲपमध्ये फॉर्म अर्धा भरा, होम दाबा, थोडं थांबून परत या. बँकेचं ॲप मुद्दाम पहिल्यापासून सुरू करतं, ते सोडा. नोट्स, शेतीचं ॲप, कॉलेजचं ॲप तपासा. भरलेलं जागेवर असेल तर लिहिणाऱ्यानं टेस्ट केलीय. गायब झालं असेल तर त्या ॲपमध्ये मोठं काही टाइप करताना मधेच फोन घेऊ नका. आणि प्रयोग झाला की तो पर्याय आठवणीनं बंद करा, नाहीतर उद्या प्रत्येक ॲप सारखं पहिल्यापासून का उघडतंय म्हणून फोनलाच शिव्या घालाल.